तेवीस चुका आणि एक सही

सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊन जिन्याकडे वळताना वेलांटीकाकांचं लक्ष सूचनाफलकाकडे गेलं आणि त्यांचा दिवस तिथेच नासला. सेक्रेटरींनी नवी सूचना लावली होती. सुरुवातच अशी होती : 'आपल्या ग्रहसंस्थेच्या सर्व सभासदांना आव्हान करण्यात येते की...'

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ग्रहसंस्था! म्हणजे मंगळ, बुध आणि शनी या इमारतीत भाड्याने राहतात, आणि शनीच्या खोलीत ओल येते म्हणून तो अर्ज करतो. आणि आव्हान? सेक्रेटरी सभासदांना कुस्तीला बोलावतोय काय? विनंती करायची असेल तर ते आवाहन. अंगावर यायचं असेल तर ते आव्हान. दोन्हींतला फरक ज्याला कळत नसेल त्याने सूचना लिहू नये, घंटा वाजवावी. सगळे गोळा झाले की तोंडाने सांगावं. तोंडात वेलांटी नसते.

एवढं सगळं काका फलकाशी मोठ्याने बोलले. झाडू मारणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा झाडायला लागल्या, कारण हे काही त्यांना नवीन नव्हतं. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेला हा माणूस. छापण्याआधीच्या कच्च्या कागदावरच्या चुका शोधायच्या, हा त्याचा धंदा. त्याने दुकानांच्या पाट्या सुधारल्या होत्या, लग्नाच्या पत्रिका सुधारून यजमानांना परत पाठवल्या होत्या, आणि एकदा डॉक्टरांच्या दवाखान्यात तपासणीच्या टेबलावर पालथं पडल्या पडल्या भिंतीवरच्या तक्त्यातले 'अवयय' सुधारा म्हणून सांगितलं होतं. वेलांटीकाका हे नाव त्यांना त्या डॉक्टरांनीच दिलं. आधी ते पाठीमागे म्हणत, मग सगळेच तोंडावर म्हणायला लागले. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं, तेही चुकीचं छापलेलं.

काकांनी पिशवी पायाशी ठेवली, खिशातून लाल पेन काढलं आणि कामाला लागले.

इथे त्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा अनर्थ कळणार नाही. कसलेला मुद्रितशोधक मजकूर वरून खाली वाचत नाही. तो खालून वर वाचतो. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा. वरून वाचलं की अर्थ हात धरून पुढे ओढतो आणि डोळा चुकीवरून घसरतो. काकांना त्यांच्या गुरूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'अर्थ हा आपला शत्रू. त्याच्याशी बोलायचं नाही.' काका चाळीस वर्षं बोलले नाहीत. त्यांनी हजारो पुस्तकं तपासली होती, आणि त्यातल्या एकाचीही गोष्ट त्यांना सांगता आली नसती.

तर काकांनी ती सूचना तळापासून धरली. 'सहकार्याची उपेक्षा आहे', इथे अपेक्षा. 'तक्रारींचे निर्वाण करण्यात येईल', इथे निवारण. तक्रारी मोक्षाला जात नाहीत, निदान या इमारतीतल्या तरी. 'हरकत असल्यास अवलंब कळवावी', अविलंब. ऱ्हस्व, दीर्घ, एक तुटलेला रफार, 'मान्य आहे'मधल्या 'मान्य'च्या डोक्यावर उगीच बसलेलं एक टिंब. काका वर वर चढत गेले आणि ग्रहसंस्थेपाशी पोचले तेव्हा तेवीस चुका झाल्या होत्या. मग छापखान्याच्या शिस्तीप्रमाणे कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांनी पूर्ण सही केली, खाली तारीख घातली आणि दूध घेऊन वर गेले. दूध तोवर कोमट झालं होतं. पण काकांना फार बरं वाटत होतं.

काकूंनी मात्र त्या दिवशी दुपारपासून बोलणं बंद केलं.

चहा यायचा, पण कपाची बशीशी जरा जोरात गाठ पडायची. जेवण यायचं, पण 'आणखी वाढू का' येत नसे. पहिल्या दिवशी काकांना वाटलं, दाढ दुखत असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं विचारलंही.

"दाढ दुखतेय का?"

"नाही."

"मग काय झालंय?"

"काही नाही."

छत्तीस वर्षं संसार केलेल्या कोणत्याही पुरुषाला 'काही नाही' ऐकून घाम फुटतो. काकांना फुटला नाही. ते वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसले आणि तिसऱ्या पानावर 'कृतज्ञ'च्या जागी 'कृतघ्न' छापलेलं पाहून संपादकांना पत्र लिहायला लागले.

गुरुवारी जिन्यात सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ चाळिशीचे, गोल, आणि कायम काहीतरी नवं सुरू करण्याच्या घाईत. त्यांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काका, तुमचे उपकार कसे फेडू? एक्केचाळीस सह्या झाल्या! अठ्ठेचाळीस घरांपैकी एक्केचाळीस! मी तर दहासुद्धा होतील असं धरून चाललो नव्हतो."

"कसल्या सह्या?"

"अहो, त्या सूचनेवर! पहिली सही तुमची ना. तिथून रांगच लागली. जो तो म्हणतो, काकांनी एवढी अक्षर न् अक्षर तपासून सही केलीय, तर आता आपण काय वाचायचं!"

काकांना आनंद व्हायला हवा होता, कारण असं कौतुक त्यांना चाळीस वर्षांत कोणी केलं नव्हतं. पण सेक्रेटरींच्या खांद्यावरून त्यांना तळमजल्यावरचं एक दृश्य दिसत होतं. दोन माणसं टेप घेऊन जिन्याशेजारच्या खोलीची रुंदी मोजत होती, आणि दाराशी एक अवजड ट्रेडमिल उभं होतं.

"हे काय?"

"तेच की! व्यायामकक्ष. सूचनेत सगळं सविस्तर आहे, तुम्ही तर वाचलंच आहे. माझं हे पळायचं यंत्र घरात मावेना. म्हणजे यंत्र मावतं हो, पण मग बायको मावत नाही. ती म्हणाली, एक काहीतरी ठेवा. तेव्हा म्हटलं, वैयक्तिक कशाला, सगळ्यांच्याच आरोग्याचं बघू. ही खोली तशी रिकामीच."

ती खोली रिकामी नव्हती. त्या खोलीत गेली अकरा वर्षं काकूंचा शिवणवर्ग चालायचा.

काका फलकापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा एक सूचना वरून खाली वाचली. तिच्यात लिहिलं होतं की तळमजल्यावरील खोलीचा 'विनापरवाना शिवणकामासाठी होणारा वापर' बंद करून तिथे व्यायामकक्ष करायचा आहे; ज्यांना मान्य आहे त्यांनी खाली सही करावी; ज्यांना हरकत आहे त्यांनी सभेपर्यंत लेखी कळवावं; पुढच्या रविवारी सभेत निर्णय होईल. खाली तुटक रेघ होती. रेघेशेजारी लिहिलं होतं, 'वाचले, मान्य आहे.' तिथलं टिंब काकांनीच खोडलं होतं. आणि रेघेवर, ठळक, लाल, तारखेसकट, त्यांची सही होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

वर गेले तेव्हा काकू मटार सोलत होत्या.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"सोमवारीच वाचलं. मी येता-जाता वाचते फलक. आम्ही साधी माणसं, वरून खाली वाचतो."

"मग बोललीस का नाहीस?"

"मी कशाला बोलू? तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." काकूंनी एक शेंग अशी फोडली की दाणे थेट मोरीपर्यंत गेले. "चार दिवस वाट बघतेय. मला वाटलं, यांना माझा वर्ग नकोच असेल. आवाज होतो, बायका येतात-जातात, दोरे घरभर होतात. तोंडाने म्हणवलं नसेल म्हणून सही करून मोकळे झाले."

"अगं, मी वाचलंच नव्हतं ते!"

"तेवीस चुका काढल्यात त्यात."

"चुका काढल्या म्हणजे वाचलं असं थोडंच आहे?"

काकूंनी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. "हे वाक्य एकदा स्वतःशीच म्हणून बघा," त्या म्हणाल्या. "बाजाराची यादी लिहून देते, तर तुम्ही त्यातला 'जिरे' सुधारून आणता आणि जिरे विसरून येता. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा तीन पानांचं पत्र लिहिलं होतं मी. आठवतंय काय केलंत? लाल शाईने तपासून परत पाठवलंत. मागे शेरा, 'प्रगती आहे.' त्यानंतर मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नसेल."

काकांच्या ते लक्षात आलं नव्हतं. त्यांना फार राग आला. कोणाचा, हे लगेच ठरेना, म्हणून त्यांनी तो सेक्रेटरींवर ठरवला.

"मी ती सही रद्द करवतो," ते म्हणाले. "बघतोच."

रद्द कशी करायची हे विचारायला ते दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गेले. हे साहेब खरे वकील नव्हते. ते एका कोर्टात सत्तावीस वर्षं पुकारा करायचे आणि तेवढ्यावर त्यांनी इमारतीत वकिली चालवली होती. फुकट असल्यामुळे ती जोरात चालायची. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "पहिला, सही तुमची नाहीच म्हणा."

"ती माझीच आहे. सगळी इमारत ओळखते."

"मग दुसरा. बळजबरी. सेक्रेटरीने हात पिरगाळून करून घेतली म्हणा. मी साक्षीदार होतो."

"तुम्ही नव्हता तिथे!"

"तो तपशील झाला. काका, खरं बोलून कोणाचं भलं झालेलं मी सत्तावीस वर्षांत पाहिलं नाही. आणि हो, मीही सही केलीय हं त्या कागदावर. तुमची पाहिली म्हणूनच केली."

शुक्रवारी काका संस्थांच्या नोंदणीच्या कचेरीत गेले. लांबलचक खोली, सहा टेबलं, त्यातल्या चारांवर माणसांऐवजी फायली बसलेल्या. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी त्यांना 'संमती मागे घेण्याचा नमुना' नावाचा छापील कागद दिला. "भरून द्या. खाडाखोड नको."

काका खिडकीशी उभे राहून भरायला लागले. अर्ध्यावर एक ओळ आली : 'खोटी माहिती दिल्यास होणाऱ्या परिमाणांस अर्जदार जबाबदार राहील.' परिमाण! म्हणजे अर्जदार शेर आणि मापट्याला जबाबदार! सरकारी छापील कागद, हजारोंच्या संख्येने वाटलेला, आणि परिणाम व परिमाण यांतला फरक कोणाला माहीत नाही! काकांनी दात आवळले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनी दहा आकडे मोजले. मग त्यांनी लाल पेनाने ते सुधारलं.

बाईंनी कागद हातात घेतला, लाल खूण पाहिली आणि त्याचे दोन तुकडे केले. "खाडाखोड."

"अहो, पण चूक तुमची होती!"

"चूक छापील आहे. छापील चालते."

काकांचं रक्त असं उसळलं की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपला चहाचा कप अलीकडे ओढून घेतला. पण खोली काकूंची होती. त्यांनी दुसरा कागद मागून घेतला. या वेळी 'परिमाणांस' आलं तेव्हा त्यांनी त्यावर डाव्या हाताचा पंजा ठेवला आणि पुढे गेले. पुढे त्याहून वाईट गोष्ट होती. 'संमती मागे घेण्याचे कारण. एकावर खूण करावी : (१) सही माझी नाही. (२) सही बळजबरीने घेतली. (३) सही न वाचता केली.'

काका त्या तिसऱ्या आकड्याकडे बघत राहिले.

न वाचता सही. छापखान्यात त्यांच्या एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीच्या घाईत एकदा असं केलं होतं. एकच पान. काकांनी त्याच्याशी नऊ वर्षं बोलणं टाकलं. तो निवृत्त झाला त्या दिवशी सगळे त्याला भेटले, काका आपल्या टेबलावरून उठले नाहीत. आणि आता त्याच गुन्ह्यावर, चौकोनात, आपल्या हाताने खूण करायची? काकांनी खाली पेनाने चौथा पर्याय लिहिला : '(४) अक्षरशः वाचून, परंतु अर्थाकडे व्यावसायिक कारणास्तव दुर्लक्ष करून केली.' आणि त्यावर खूण केली. वाक्य निर्दोष होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे न वाचता."

"नाही! प्रत्येक अक्षर वाचलंय!"

"मग कळलं नाही?"

"कळून घेतलं नाही."

"तीनपैकी एक सांगा, काका. चौथं नाही." त्यांनी याही कागदाचे दोन तुकडे केले आणि खण उघडून आत पाहिलं. "आणि आता नमुने संपले. नवे येतील पुढच्या महिन्यात."

"सभा पुढच्या रविवारी आहे!"

"मग सभेत सांगा तोंडाने. सगळ्यांसमोर. कार्यवृत्तात लिहून घेतलं की आम्हाला चालतं."

पुढचा आठवडा काकांनी घरात येरझाऱ्या घालण्यात घालवला. या काळात इमारतीतल्या प्रत्येकाने सल्ला दिला. पहिल्या मजल्यावरचे औषधवाले म्हणाले, सभेला जाऊच नका, ताप आला म्हणा, मी गोळी देतो. गच्चीखालच्या मास्तरीणबाई म्हणाल्या, काकूंना दुसरा छंद लावून द्या, कुंड्या वगैरे. काकांनी त्यांना छंद आणि काम यांतला फरक समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो आपल्यालाही नीट सांगता येत नाहीये. काकू काहीच म्हणत नव्हत्या. त्या रोज दुपारी खाली जायच्या, तीन तास वर्ग घ्यायच्या आणि वर यायच्या. ट्रेडमिल दाराशीच उभं असल्यामुळे त्यांना आडवं होऊन आत शिरावं लागायचं. एकदा काकांनी जिन्यातून ते पाहिलं. त्यांना ट्रेडमिलला लाथ मारावीशी वाटली, आणि त्यांनी मारली. अंगठा दोन दिवस सुजला होता.

रविवारी तळमजल्याच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून सभा भरली. माणसं नेहमीपेक्षा जास्त होती. सेक्रेटरींनी प्रास्ताविक केलं, त्यात आरोग्य हा शब्द नऊ वेळा आला. "एक्केचाळीस सभासदांनी वाचून संमती दिली आहे," ते म्हणाले. "कोणाची हरकत?"

काकू उठल्या. त्यांच्या हातात वहीचा एक कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. मागे भिंतीशी त्यांच्या वर्गातल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या.

"माझी हरकत आहे. लेखी आणलीय."

सेक्रेटरींनी कागद घेतला नाही. "वहिनी, तुमच्या घरची संमती आधीच आलीय. सगळ्यात पहिली. एका घराचं एकच मत, असा नियम आहे. तुमच्याच यजमानांची सही आहे, आता मी काय करू?"

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकू वळल्या नाहीत. त्या कागद पुढे धरून तशाच उभ्या होत्या.

काका उठले. वकीलसाहेबांनी शेजारून कुजबुज केली, "बळजबरी, काका, बळजबरी." काकांना त्या क्षणी सगळ्यांचा राग आला होता. सेक्रेटरीचा, त्याच्या यंत्राचा, तिसऱ्या टेबलाचा, आपल्या गुरूंचा, आणि सगळ्यात जास्त त्या माणसाचा, जो सोमवारी सकाळी दूध खाली ठेवून एवढा खूश झाला होता.

"मी ती सूचना वाचली नव्हती," ते म्हणाले.

"काय?" मागून कोणीतरी विचारलं.

"न वाचता सही केली!" काका ओरडले. "ऐकू येत नाही का? मी! मी न वाचता सही केली! चुका बघितल्या आणि काय लिहिलंय ते बघितलंच नाही. लिहून घ्या ते कार्यवृत्तात. माझ्या नावासकट लिहून घ्या. ती सही रद्द समजा!"

कोणी हसलं नाही. उलट सभेत एक विचित्र चुळबुळ सुरू झाली. औषधवाले खुर्चीत पुढे सरकले आणि चष्मा पुसत म्हणाले, "मग... म्हणजे काकांनीच वाचली नसेल, तर मी तरी कुठे वाचलीय? मी काकांची सही बघून केली."

"मीही," वकीलसाहेब म्हणाले. "कायद्याने पाहता हे सर्व शून्य आहे."

"मीही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, पाण्याच्या टाकीबद्दल असेल."

"मला वाटलं, रंगाबद्दल," आणखी कोणी म्हणालं. खुर्च्यांच्या रांगांमधून 'मीही, मीही' असं होत ते शेवटपर्यंत गेलं. एक्केचाळीस सुशिक्षित माणसं, आणि त्यातल्या एकालाही आपण कशाला मान्यता दिली ते ठाऊक नव्हतं.

सेक्रेटरी लालबुंद झाले. "कमाल आहे तुम्हा लोकांची! जबाबदार नागरिक ना तुम्ही? मग मी ती सूचना लिहिली कोणासाठी?"

"तुम्ही तरी वाचली होती का?" काकूंनी शांतपणे विचारलं. "त्यात लिहिलंय, खोली 'तिसऱ्या मजल्यावरील गच्चीलगत' आहे. आपली तळमजल्यावर आहे. खाली एका ठिकाणी तसं राहून गेलंय."

सेक्रेटरींनी फलकाकडे पाहिलं. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले की पलीकडच्या सोसायटीची एक सूचना होती, तीच टायपिस्टकडून उतरवून घेतली, सगळं बदलायला सांगितलं होतं. काकांनी कपाळावर हात मारला. ती ओळही त्यांनी तपासली होती. तिच्यात व्याकरणाची चूक नव्हती.

"आता हरकत वाचा," मागच्या बायकांपैकी एक म्हणाली. "ऐकू तरी द्या."

 काकूंनी कागद काकांपुढे धरला. काकांनी तो घेतला, आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्याने, वाचायला सुरुवात केली.

"'या खोलीत मी अकरा वर्षं शिवण शिकवते. आजवर चौसष्ट जणी शिकून गेल्या. नऊ जणींनी स्वतःचं दुकान काढलं. एक जण दर गुरुवारी येते, ती काहीच शिवत नाही, नुसती बसते. तिच्या घरात तिला बसायला जागा नाही. आम्ही तिला कधी विचारत नाही. वर मला सगळे कोणाची तरी कोणीतरी म्हणून ओळखतात. खाली मला बाई म्हणतात. एखादीची बाही नीट बसली की ती आरशात बघते आणि मग माझ्याकडे बघते. ते बघणं मला दुसरीकडे कुठे मिळत नाही. खोली लहान आहे. तिचं दार मी उघडते आणि मीच लावते. असं दुसरं दार माझ्याकडे नाही. पळायचं यंत्र कुठेही ठेवता येतं. मला कुठे ठेवणार, ते आधी सांगा.'"

काका मध्ये दोनदा अडखळले. चुकांमुळे नाही.

हात वर करून मतदान झालं. खोली राहिली. सेक्रेटरींनी स्वतःच्या हाताने 'विरोधात : एक' असं लिहिलं आणि सभा संपवली. त्यांचं यंत्र पुढे कुठे गेलं, ते त्यांच्या बायकोला माहीत.

घरी आल्यावर काका खुर्चीत बसले. तो कागद अजून त्यांच्या हातातच होता. काकूंनी दिवा लावला, पाणी प्यायलं आणि पदराने तोंड पुसलं.

"तुम्ही बोललात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण माझा राग गेलाय असं समजू नका. चार दिवस मी त्या खोलीत बसून काय काय विचार केलेत, ते एका सभेत जायचे नाहीत."

"नको जाऊ देऊस."

"आणा तो कागद."

"राहू दे जरा."

"कशाला? तपासायला?"

"नाही गं." काकांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. त्यांच्या आवाजात राग होता, पण तो कोणावर काढावा हे त्यांना कळत नव्हतं, आणि त्याच्या खाली नुसतं दुःख होतं. "छत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. यात ती गुरुवारची बाई आहे, बाही आहे, आरसा आहे, दार आहे. मी कुठेच नाही. दोनदा बघितलं."

काकू कपाटाशी उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं.

"आहात की," त्या म्हणाल्या. "शेवटी, माझ्या सहीत. तिथे तुमचं नाव लावावंच लागतं."

आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या.